गंगाखेडची जनी

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर गंगाखेड नावाचे जुने गाव आहे. मराठवाड्यातील लोक गोदावरीला गंगाच म्हणतात; त्या गंगेवरूनच गावाला हे नाव पडले. उन्हाळ्यात पात्र आटले म्हणजे वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि पावसाळ्यात तीच नदी दोन्ही काठ भरून वाहू लागते. या गावी सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी दमा आणि करुंड या नावांचे एक जोडपे राहत असे. त्या काळच्या समाजाने ज्यांना शूद्र गणले होते, अशांपैकी ते होते. घरी शेतीवाडी नव्हती, हातावर पोट होते; पण दोघेही विठ्ठलाचे निस्सीम भक्त असून पंढरीची वारी करीत. त्यांच्या पोटी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव जनी.

जनीच्या बाळपणाविषयी जे सांगितले जाते, ते थोडे आहे. पण त्यात एक गोष्ट ठळक आहे. ही मुलगी एकदा ऐकलेले विसरत नसे. कथाकीर्तनात इतर मुले पेंगू लागत, तेव्हा ती डोळे उघडे ठेवून बसे आणि जे कानी पडे ते मनात साठवी. अशी मुले प्रत्येक काळी आणि प्रत्येक जातीत जन्मास येतात. त्यांचे पुढे काय होते, हे मात्र ती कोणाच्या घरी जन्मली यावर फार अवलंबून असते.

तो काळ यादवांचा होता. देवगिरीच्या गादीवर 1271 पासून राजा रामदेवराव होता. राज्यात विद्येला मान होता. हेमाद्री पंडितासारखा ग्रंथकार त्याच्या दरबारी होता. त्यापूर्वी साठ-पासष्ट वर्षे, म्हणजे 1207 मध्ये, खानदेशातील चाळीसगावाजवळच्या पाटणे येथे थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी एक मठ स्थापन झाला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तो स्थापिला आणि तेथल्या निकुंभ राजाने त्याला उत्पन्न लावून दिले. त्याविषयीचा शिलालेख आजही उपलब्ध आहे. पणजोबाची विद्या पणतूपर्यंत पोहोचावी, घरातील बुद्धिमान मुलाची बुद्धी वाया जाऊ नये, यासाठी त्या काळचे राजे गावांची उत्पन्ने देत असत.

परंतु ही सोय होती ती शास्त्री-पंडितांच्या मुलांची. शाळा अशी सर्वांसाठी नव्हतीच. ब्राह्मणाचा मुलगा पाठशाळेत जाई, हिशेबनिशाचा मुलगा बापाच्या हाताखाली लेखणी धरी, आणि कारागिराचा मुलगा बापाचा धंदा शिके. मुलगी कोणाचीही असो, तिच्या हाती लेखणी देण्याचा विचार फार थोड्या घरांतून होई. मग दम्याच्या मुलीचा विचार कोण करणार? गंगाखेडात जनीला शिकवील असा एकही माणूस नव्हता, आणि ती शिकण्यासारखी आहे असे म्हणणाराही कोणी नव्हता.

जनी पाच-सहा वर्षांची असताना तिच्या आयुष्याला वळण लागले. ते कसे लागले, याविषयी दोन परंपरा आहेत. पहिली अशी, की करुंड मरण पावली आणि एकट्या दम्याला पोर सांभाळणे कठीण झाले. गंगाखेडहून पंढरपूर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पायी चालणाऱ्याला ती दहा-बारा दिवसांची वाट. दमा मुलीला घेऊन ती वाट चालला आणि पंढरपूरच्या दामाशेटी शिंप्याच्या पदरी तिला घालून परत फिरला. दुसरी परंपरा महिपतींनी 1762 साली लिहिलेल्या ‘भक्तिविजय’ ग्रंथाच्या वळणाने चालते. तीत आईबाप मुलीला घेऊन यात्रेला येतात. मुलगी देवळात रमते आणि परत निघण्याची वेळ झाली तरी गावी जाण्यास नकार देते. शेवटी तिला देवळात एकटी पाहून नामदेव आपल्या घरी नेतात.

या दोन कथांपैकी दुसरी अधिक गोड आहे, पहिली अधिक संभवनीय. गरिबाच्या घरची मूल दुसऱ्याच्या दारी ठेवण्याची रीत तेव्हा सर्रास होती. अन्नवस्त्राच्या मोबदल्यात ते मूल जन्मभर राबे. आपण मुलीला विद्येच्या घरी नेत आहोत असे दम्याच्या मनात असण्याचे कारण नाही. दोन वेळचे जेवण आणि देवाचे सान्निध्य, एवढेच त्याने तिच्यासाठी मागितले असेल. बाप परत निघाला तेव्हा त्या एवढ्याशा मुलीला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. पुढे आपल्या अभंगांत तिने विठ्ठलाला पुनःपुन्हा आई म्हणून हाक मारली आहे, तिला बाप, भाऊ, सखा असे कोणी उरले नाही असे सांगितले आहे, ते नुसते कवित्व नव्हे.

दामाशेटीचे घराणे मूळचे नरसी बामणीचे. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1999 पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. म्हणजे जनी ज्या घरी आली तेही एका परीने तिच्याच मुलखातले होते. दामाशेटीची पत्नी गोणाई आणि मुलगा नामदेव. नामदेवांचा जन्म 1270 चा. जनी त्यांच्याहून थोडी मोठी होती आणि तिने लहानग्या नामदेवाला कडेवर खेळविले, असे परंपरा मानते. पुढे नामदेवांचे लग्न होऊन राजाई घरात आली. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे झाले, चार सुना आल्या, लिंबाई ही मुलगी आणि आऊबाई ही बहीण. अशी चौदा माणसे आणि पंधरावी जनी. तिने स्वतःला नामदेवांच्या घरची दासी म्हणविले आणि तीच आपल्या अभंगांची नाममुद्रा केली.

चौदा माणसांच्या घरातील दासीचा दिवस कसा असेल? पहाटे, कोंबडा आरवण्यापूर्वी, दळण. मग सडासारवण, नदीवरून पाणी, धुणे, भांडी. दुपारी उखळ-मुसळाचे कांडण. मधल्या वेळात रानात जाऊन शेण गोळा करणे आणि गोवऱ्या थापणे. घरात पैका बेताचा होता. नामदेवांचे चित्त धंद्यात नव्हते, त्यामुळे गोणाई आणि राजाई त्यांच्यावर रागावत, त्याच्या कथा प्रसिद्ध आहेत. अशा घरात मोलकरणीच्या मुलीचे काम हलके करावे, तिला अक्षर ओळखू द्यावे, असे कोणाला सुचले नाही. नामदेवांसारखा थोर संत ज्या घरात होता, त्या घरानेही जनीच्या डोक्यावरचा भार उतरविला नाही, हे सांगितले पाहिजे. पण त्या घराने एक गोष्ट केली नाही, आणि ती न करणेच फार मोलाचे ठरले. जनी कीर्तनाला जाऊन उभी राहिली, तर तिला कोणी तेथून हाकलले नाही. ती गुणगुणू लागली, तर कोणी तिला गप्प केले नाही.

चंद्रभागेच्या वाळवंटात नामदेवांचे कीर्तन होई. तेथे बसण्यास जातीची पंगत नव्हती. शिंपी, कुंभार, माळी, सोनार, न्हावी, सगळे येत. अरणचे सावता माळी मळ्यातच विठ्ठलाला पाहत, तेरचे गोरा कुंभार माती तुडविता तुडविता नाम घेत. गावकुसाबाहेर राहणारे चोखामेळा यांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता, पण वाळवंट त्यांनाही मोकळे होते. हे सर्व लोक संस्कृतात नव्हे, तर मराठीत बोलत आणि मराठीत रचना करीत. थाळीपाक, प्रल्हाद, हरिश्चंद्र, कृष्णजन्म अशा पुराणकथा तेथे गायिल्या जात. जनी दिवसभराचे काम उरकून या गर्दीच्या मागे उभी राहत असेल. तिची शाळा भरली ती अशी, रात्री, वाळूवर, आणि पाटीपेन्सिलीवाचून.

ऐकलेले पक्के करण्याची जागा मात्र वेगळी होती. ती जागा म्हणजे जाते.

आजच्या मुलांनी जाते कदाचित पाहिलेही नसेल. दगडाच्या दोन वाटोळ्या तळ्या असतात. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या पाळूच्या मध्यभागी भोक असते, त्यातून मुठीमुठीने धान्याची वैरण घालतात, आणि कडेला लाकडी खुंटा असतो, तो धरून पाळू फिरवितात. पायलीभर जोंधळा दळायचा म्हणजे पहाटेचे दोन-अडीच तास जात. काम कष्टाचे आणि एकसुरी. त्या एकसुरी फेऱ्यांना बायकांनी गाण्याची जोड दिली. एकीने ओवी उचलायची, समोर बसलेलीने ती पुढे न्यायची. पाळूची एक फेरी आणि शब्दांचा एक तुकडा यांचा मेळ आपोआप बसतो. हात थांबला तर गाणे तुटते, गाणे थांबले तर हात जड होतो.

आता अभंगाची घडण पाहा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. हे छंद ओवीच्याच कुळातले आहेत. जनीने अक्षरे बोटांवर मोजली नसतील. तिला ती लिहिताच येत नव्हती तर मोजणार कशी? तिच्या मनगटाने ती मोजली. शेकडो पहाटे खुंटा फिरविता फिरविता छंद तिच्या अंगी मुरला, आणि एके दिवशी दुसऱ्याचे शब्द गाता गाता तिचे स्वतःचे शब्द त्यात उतरू लागले. तो दिवस कोणता, हे कोणी लिहून ठेवले नाही. घरात चौदा माणसे झोपलेली असताना अंधारात घडलेली ती गोष्ट होती.

जनीच्या समोर दळावयास कोण बसत असे? मोठ्या घरात सासू-सुना असत, पण दासीच्या वाट्याला सोबत थोडी. येथे लोककथेने सुंदर उत्तर दिले आहे. ती म्हणते, जनीच्या समोर प्रत्यक्ष विठ्ठल येऊन बसे आणि खुंट्याला हात लावी. तो तिच्याबरोबर गोवऱ्या वेची, पाणी भरी, तिचे केसही विंचरी. ही कथा महाराष्ट्रातल्या दळणाऱ्या बायकांना इतकी आवडली, की जात्यावरच्या ओव्यांत राम-सीतेच्या जोडीने जनी आणि विठ्ठल यांनाही जागा मिळाली. एकटीने दळणाऱ्या प्रत्येक बाईला समोर कोणीतरी हवे होते.

अशीच दुसरी एक कथा लेखनाविषयी आहे. प्रत्येक संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची एक यादी परंपरेने दिली आहे. ज्ञानदेवांचे लेखक सच्चिदानंदबाबा, असे एकेकाचे नाव येते. जनाबाईचे लेखक म्हणून कोणा माणसाचे नाव येत नाही, तेथे खुद्द पांडुरंग येतो. श्रद्धाळू मनाला यात देवाची कृपा दिसते, आणि ती दिसावी हे योग्यच. परंतु या कथेच्या पाठीमागे एक उघडी गोष्टही उभी आहे. दासीच्या तोंडचे शब्द लिहून घेण्यास बोरू घेऊन बसणारा माणूस सहजासहजी मिळत नव्हता. तिचे अभंग टिकले ते आधी लोकांच्या ओठांवर, आणि मग नामदेवांच्या अभंगांच्या संगतीने वह्यांमध्ये. सुमारे साडेतीनशे अभंग आज तिच्या नावे छापलेले आहेत. किती विरून गेले असतील, त्याची गणती नाही.

याच सुमारास महाराष्ट्रात आणखी चार विलक्षण मुले वाढत होती. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता. त्यांच्या घरी विद्या होती. वडील विठ्ठलपंत शास्त्र जाणणारे होते, आजोळ आळंदीचे आणि मूळ गाव पैठणजवळचे आपेगाव, तेही गोदावरीच्याच काठी. तरीही त्या मुलांची वाट सरळ नव्हती. वडिलांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून समाजाने मुलांना वाळीत टाकले आणि त्यांच्या मुंजी नाकारल्या. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. ही पोरकी भावंडे पैठणच्या विद्वानांपुढे उभी राहिली, तेव्हा त्यांची बुद्धी पाहण्याआधी त्यांचे कूळ पाहिले गेले. त्यांतल्या ज्ञानदेवांनी 1290 मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, नेवासे येथे भगवद्गीतेवरील मराठी टीका पूर्ण केली. सर्वांत धाकटी मुक्ता. चांगदेवांसारख्या वृद्ध योग्याने कोरे पत्र पाठविले, तेव्हा तिने थट्टेने त्यांच्या कोरेपणावरच बोट ठेवले, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यांनी तिला गुरू मानले.

जनीपाशी या भावंडांसारखे शास्त्राचे बळ नव्हते. पण ही मंडळी पंढरपुरी आली, नामदेवांच्या घरी उतरली, तेव्हा घरातल्या दासीचे बोलणे त्यांनी कान देऊन ऐकले, असे परंपरा सांगते. ज्यांना स्वतःला दारात अडविले गेले होते, त्यांना दुसऱ्या दारातल्या मुलीची किंमत लवकर कळली असावी. ज्ञानदेवांवर जनाबाईंचा फार जीव होता. त्यांच्याविषयी जनाबाईंनी जे अभंग रचले, त्यांत सख्याविषयीचा जिव्हाळा आहे. मोठ्यापुढे दबून बोलणे नाही.

संतमंडळीतील पारखीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ती थोडी गमतीची आणि थोडी कठोर आहे. सर्व संत जमले असता मुक्ताबाईने गोरोबांना विचारले की, कोपऱ्यातली ती वस्तू काय आहे. गोरोबांनी सांगितले की ते थापटणे आहे. त्याने मडके ठोकून पक्के की कच्चे ते कळते. आम्हीही मडकीच आहोत, मग आमचीही परीक्षा करा, असे मुक्ताबाईने म्हणताच गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सर्वांनी मुकाट्याने सहन केले. नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनी तेच मडके कच्चे ठरविले. लहानपणापासून विठ्ठलाचा लाडका म्हणून सर्वांनी ज्यांचे कौतुक केले होते, त्यांनाच हा निकाल ऐकावा लागला. नामदेव त्यानंतर औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केले.

या परीक्षेत जनाबाईंचे नाव नाही. कोणी तिच्या डोक्यावर थापटणे मारल्याचे ऐकिवात नाही. त्यांचे मडके रोजच्या आव्यात भाजत होते.

जनाबाई मोठ्या झाल्या, त्यांचे अभंग पंढरीत गायिले जाऊ लागले. पण नाव झाले म्हणून दासीपण सुटले नाही, आणि दासी म्हटली की संशयही सुटत नाही. पदकाची कथा याच गोष्टीवर आहे. एके रात्री विठ्ठल जनीच्या झोपडीत आला, दळू लागला, आणि पहाट होताच घाईने परत निघाला. घाईत आपला शेला व रत्नजडित पदक तेथेच विसरला आणि तिची ठिगळांची वाकळ पांघरून गेला. सकाळी पुजाऱ्यांनी पाहिले तो देवाच्या गळ्यात पदक नाही. गावभर आरडाओरडा झाला. पहिला संशय जनीवर आला. झडती घेतली, पदक तिच्या झोपडीत सापडले. तिने सांगितलेले कोणाला पटले नाही. चोरीबद्दल सुळाची शिक्षा ठरली आणि तिला चंद्रभागेच्या वाळवंटात नेले. तिने देवाला हाक मारली, आणि सर्वांच्या देखत सुळाचे पाणी झाले.

यातील चमत्कारावर ज्याची जशी श्रद्धा तसा त्याने विश्वास ठेवावा. पण हरवलेल्या वस्तूचा पहिला शोध मोलकरणीच्या झोपडीत घ्यावयाचा, ही रीत कथाकाराने कल्पनेतून काढलेली नाही. ज्या वाळवंटात तिचे अभंग लोकांनी माना डोलावून ऐकले असतील, त्याच वाळवंटात तेच लोक तिला सुळावर चढलेली पाहण्यास जमले. एखाद्याच्या गुणांचे कौतुक करणे वेगळे आणि त्याच्यावर विश्वास टाकणे वेगळे, हे जनाबाई त्या दिवशी शिकल्या असतील.

जनाबाईंच्या रचनेत जे आहे ते इतरांच्या रचनेत क्वचित सापडते. त्यांचा देव राजवाड्यातला नाही. तो शेण वेचतो, धुणे धुतो, मुलाबाळांना अंगाखांद्यावर घेऊन मिरवितो. रागावल्या की त्या त्याच्याशी भांडतात, त्याला चार शब्द सुनावतात, आणि मग पुन्हा त्याच्याच कुशीत शिरतात. शब्द घरातले, वापरातले. ज्या वस्तू हाती लागल्या त्यांचेच त्यांनी काव्य केले. ज्ञानदेव, नामदेव, चोखामेळा, सेना न्हावी यांच्याविषयी त्यांनी अभंगांत जे सांगितले, त्याचा आधार घेतल्यावाचून त्या काळच्या संतांचा इतिहास लिहिता येत नाही. लहान अभंगांखेरीज कृष्णजन्म, बाळक्रीडा, प्रल्हादचरित्र, थाळीपाक आणि हरिश्चंद्राचे आख्यान अशी लांब रचनाही त्यांच्या नावे आहे. थाळीपाक म्हणजे वनवासातल्या द्रौपदीची कथा. दुर्वास ऋषी शिष्यांसह अवेळी जेवावयास येतात, थाळी रिकामी असते आणि श्रीकृष्ण तिच्या कडेला चिकटलेल्या भाजीच्या पानाने सर्वांना तृप्त करतो. घरात धान्य नसताना दारी पाहुणे येणे, हा प्रसंग जनाबाईंना पुस्तकातून समजून घेण्याची गरज नव्हती. पुढे तीनशे वर्षांनी संत एकनाथांचे नातू मुक्तेश्वर यांना, जे संस्कृत आणि मराठी दोन्ही भाषांत निपुण होते, जनाबाईंच्या या रचनांपासून स्फूर्ती मिळाली असे मानले जाते. पाठशाळेत शिकलेल्या कवीने जात्यावर शिकलेल्या बाईपुढे वही उघडली.

1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली, आणि वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. ज्या दरबाराने पंडितांना आश्रय दिला होता तोच नाहीसा झाला. ज्यांची विद्या राजाच्या अन्नावर वाढली होती, त्यांची तारांबळ उडाली. जनाबाईंचे मात्र काही अडले नाही. त्यांना राजाने काही दिलेच नव्हते. नामदेव उत्तरेकडे यात्रेस गेले, पंजाबात घुमान येथे राहिले; त्यांची 61 पदे पुढे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट झाली. नामदेव देशोदेशी हिंडत होते तेव्हा जनाबाई पंढरीतच राहिल्या. 1338 मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा मरण पावले. जुन्या मंडळींतला एकेक जण गेला.

शके 1272, म्हणजे 1350 या वर्षी आषाढ वद्य त्रयोदशीस पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांनी देह ठेवला. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी जनाबाईंनीही देह ठेवला, असे मानतात. विठ्ठलाच्या दर्शनास जाणाऱ्यांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. त्या नामदेव पायरीवर पाय न ठेवता वारकरी आजही ती ओलांडून आत जातात.

जनीसारख्या मुलीसाठी शाळेचे दार उघडण्यास त्यानंतर जवळजवळ पाचशे वर्षे लागली. 1848 साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण फेकणारे लोकही होतेच. त्या मधल्या पाचशे वर्षांत गोदेच्या आणि भीमेच्या काठी किती जनी जन्मल्या आणि जात्यापाशीच संपल्या, कोण सांगणार?

पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवितात. वारीला आलेल्या बायका त्याच्या खुंट्याला हात लावतात, एखादी फेरी फिरवून पाहतात. गंगाखेडास गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे. विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या आल्यावर घरोघरची जाती थांबली आणि ओव्या विसरल्या जाऊ लागल्या. तेव्हा हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडीच्या म्हाताऱ्या बायकांपाशी बसून त्या लिहून घेण्याचे काम हाती घेतले. एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या ओव्यांत ठिकठिकाणी जनी आहे. ती दळते आहे, आणि समोर बसलेल्या विठ्ठलाने दुसऱ्या बाजूने खुंटा धरला आहे.